उचलण्यापलीकडचे ‘पिक अप’ : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत ‘पिकअप’ हा शब्द इंग्रजीचा एकही धडा न गिरवलेल्या माणसाच्या तोंडी सहज असतो. एसटीची वाट पाहण्यासाठी फाट्यावर बांधलेला निवारा म्हणजे पिकअप शेड, भाजीपाला मार्केट यार्डात पोहोचवणारी गाडी म्हणजे पिकअप, आणि घाटात दम टाकणाऱ्या मोटारसायकलला ‘पिकअप नाही’. मात्र मुलाखतीत, ईमेलमध्ये किंवा परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलताना हेच ‘पिक अप’ क्रियापद म्हणून वापरण्याची वेळ आली की माणूस अडखळतो, कारण त्याच्या ओळखीचे आहे ते नाम, आणि तेही मराठीने आपल्या सोयीने वळवून घेतलेले.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे आणि ज्यांना आता कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतील डिस्पॅच विभागात, मिरजेतील एखाद्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षात, किंवा महाबळेश्वरच्या हॉटेलात रोज थोडेफार इंग्रजी बोलावे लागते. शब्दकोश उघडला तर ‘पिक अप’च्या अर्थांची लांबलचक यादी समोर येते आणि ती पाठ करण्याचा मोह होतो. तो टाळावा. माझ्या मते मराठी माणसाने आपल्या ‘उचलणे’ या क्रियापदाचे बोट धरून निघावे, कारण ते बऱ्याच अंतरापर्यंत बरोबर नेते. मात्र ते कोठे हात सोडते, हे नेमके माहीत असले पाहिजे.

पहिली पायरी : ‘पिक’ आणि ‘पिक अप’ यांची फारकत करा

सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो, म्हणून येथे थोडे थांबू. इंग्रजीतील एकट्या ‘पिक’चे मुख्य अर्थ दोन : निवडणे, आणि फुले-फळे खुडणे किंवा तोडणे. त्याला ‘अप’ जोडले की निराळे क्रियापद तयार होते आणि जुन्या अर्थाशी त्याचे नाते जवळजवळ तुटते. अशा जोडक्रियापदांना इंग्रजीत फ्रेझल व्हर्ब म्हणतात. मराठीत ‘बसणे’ आणि ‘करून बसणे’ यांत जसा फरक पडतो, तसा तेथे मागून येणाऱ्या छोट्या अव्ययाने पडतो.

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातील एखादी द्राक्षबाग डोळ्यांसमोर आणा. ‘दे आर पिकिंग द ग्रेप्स’ असे म्हटले, तर माणसे वेलीखाली उभी राहून कात्रीने घड तोडत आहेत आणि ते अलगद क्रेटमध्ये ठेवत आहेत, असा अर्थ होतो. ‘दे आर पिकिंग अप द ग्रेप्स’ असे म्हटले, तर एकतर ती जमिनीवर पडलेली द्राक्षे वेचत आहेत, किंवा भरलेले क्रेट न्यायला गाडी घेऊन आली आहेत. एकाच बागेत, एकाच सकाळी ही दोन्ही वाक्ये खरी ठरू शकतात. फक्त पहिले तोडणीच्या मजुरांविषयी असेल आणि दुसरे बांधाला गाडी लावून उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या माणसांविषयी.

आपल्याकडे ‘आय विल पिक यू फ्रॉम द स्टेशन’ हे वाक्य सर्रास बोलले जाते, आणि ‘पिक अँड ड्रॉप फॅसिलिटी’ असे फलक शाळांच्या व क्लासच्या दारांवर दिसतात. भारतात त्याचा अर्थ सर्वांना कळतो, त्यामुळे त्यावर फार नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र देशाबाहेरच्या माणसाला हे वाक्य ‘मी तुमची निवड करीन’ असे ऐकू येते. समजा, तासगावच्या एका बेदाणा निर्यातदाराने खरेदीदाराच्या प्रतिनिधीला ‘प्लीज पिक द बॉक्सेस फ्रॉम अवर कोल्ड स्टोअरेज’ असे लिहिले. त्याला म्हणायचे आहे की माल तयार आहे, तो घेऊन जा. पण वाचणाऱ्याला वाटेल की आपल्याला हवे ते बॉक्स निवडण्याची मुभा मिळाली आहे. ज्या धंद्यात मालाची प्रत पाहून सौदा ठरतो, त्यात एक ‘अप’ गाळल्याने नसता घोळ उभा राहू शकतो. तेव्हा पहिला नियम असा, की घेऊन येणे किंवा घेऊन जाणे हा अर्थ असेल तेथे ‘अप’ कधीही गाळू नये.

दुसरी पायरी : कर्म कोठे ठेवायचे ते पक्के करा

अर्थ कळूनही वाक्य चुकते ते या ठिकाणी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी एकसंध येते, ‘ते उचल’, ‘त्याला घेऊन ये’, त्यामुळे ‘पिक अप’ हाही एकच अखंड शब्द असल्यासारखे आपण वागतो आणि कर्म त्याच्या मागे चिकटवून ‘पिक अप इट’ असे म्हणून मोकळे होतो. इंग्रजीला हे चालत नाही.

कर्म नाम असेल, तर ते दोन्ही ठिकाणी बसते : ‘पिक अप द पार्सल’ आणि ‘पिक द पार्सल अप’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कर्म सर्वनाम असेल, तर मात्र ते ‘पिक’ आणि ‘अप’ यांच्या मध्येच बसले पाहिजे : ‘पिक इट अप’, ‘पिक देम अप’, ‘आय विल पिक यू अप ॲट मिरज जंक्शन’. येथे कोणताही अपवाद धरून चालू नये. कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘काल पुण्याहून आलेले आणि गेटवर ठेवलेले पार्सल’ एवढे मोठे असेल, तर ते मध्ये कोंबू नये. ‘प्लीज पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम पुणे यस्टरडे’ असे ते शेवटी जाऊ द्यावे, कारण ‘पिक’ ऐकल्यानंतर ‘अप’ येईपर्यंत ऐकणाऱ्याला फार ताटकळत ठेवणे इंग्रजी कानाला खटकते.

काही जोड्या मात्र इतक्या पक्क्या झाल्या आहेत की त्यांच्यामध्ये सहसा काही घालत नाहीत. गाडीने वेग घेतला हे सांगताना ‘द बस पिक्ट अप स्पीड’ असेच म्हणतात. ‘पिक्ट स्पीड अप’ असे म्हणत नाहीत.

याखेरीज काही अर्थांमध्ये कर्मच नसते, आणि तेथे दुसरी चूक होते. ‘धंदा सुधारला’ हे ‘बिझनेस हॅज पिक्ट अप’ असे सांगतात. त्याऐवजी ‘बिझनेस इज पिक्ट अप’ किंवा ‘वॉज पिक्ट अप’ असे लिहिले, तर तो धंदा कोणीतरी उचलून नेला असा विचित्र अर्थ निघू लागतो. ‘इज’ जोडण्याची ही सवय आपल्याला ‘धंदा सुधारला आहे’ मधल्या ‘आहे’मुळे लागते. त्या ‘आहे’ची जागा येथे ‘हॅज’ घेतो.

तिसरी पायरी : जेथे ‘उचलणे’ बरोबर चालते

मूळ अर्थ खाली असलेली वस्तू हाताने वर घेणे हाच आहे, आणि तो सांगताना फारशी अडचण येत नाही. तरीही एक भेद ध्यानात ठेवावा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती भरणारा हमाल पाहा. तो वाकतो आणि पोत्यात आकडी रुतवतो, मग सहकाऱ्याच्या मदतीने पोते पाठीवर घेतो, फळीवरून चालत ट्रकपर्यंत जातो आणि थप्पीवर टाकतो. मराठीत या सगळ्याला मिळून ‘पोते उचलले’ एवढे पुरते. इंग्रजीत जमिनीवरून सुटण्याचा क्षण तेवढा ‘पिक अप’ आहे. पाठीवर घेऊन चालणे हे ‘कॅरी’ आहे आणि ट्रकमध्ये टाकणे हे ‘लोड’. क्रेनने उचलल्या जाणाऱ्या अवजड वस्तूसाठी ‘लिफ्ट’ अधिक शोभते. हात वर करणे हे तर ‘रेज’ आहे, कारण हात काही जमिनीवर पडलेला नसतो.

फोन उचलणे येथेही दोन्ही भाषा बरोबर चालतात. ‘ही इज नॉट लिफ्टिंग द फोन’ असे आपल्याकडे म्हणतात, पण ‘ही इज नॉट पिकिंग अप’ एवढे पुरते. ‘फोन’ हा शब्दही घालावा लागत नाही.

‘त्याने भाषा चटकन उचलली’ असे आपण म्हणतो, आणि इंग्रजी माणूस नेमके तेच म्हणतो. मिरजेच्या बाजारपेठेत कर्नाटकातून गिऱ्हाईक येते. दुकानदाराची मुले गल्ल्याजवळ बसून दोन-चार वर्षांत कानडी बोलू लागतात. ‘द चिल्ड्रन पिक्ट अप कन्नड फ्रॉम द कस्टमर्स’ हे वाक्य या प्रसंगासाठीच घडवल्यासारखे आहे, कारण वर्ग न लावता, पुस्तक न उघडता, कानावर पडत राहिल्याने जे येते तेच ‘पिक अप’ होते. क्लास लावून, परीक्षा देऊन जे शिकलात ते ‘लर्न’ किंवा ‘स्टडी’ होय. मुलाखतीत याचा उपयोग आहे. टॅलीचा रीतसर कोर्स केला असेल, तर ‘आय पिक्ट अप टॅली’ म्हणून स्वतःचे शिक्षण हलके करून सांगू नका. आणि नोकरीत पाहून-पाहून शिकला असाल, तर ‘आय पिक्ट इट अप ऑन द जॉब’ हे सांगण्यात कमीपणा मानू नका, कारण असे शिकलेल्या माणसाला मालक लोक बहुधा अधिक मोल देतात. वाईट सवयी, बोलण्याची ढब, शिव्या याही अशाच उचलल्या जातात, आणि त्यांनाही हेच क्रियापद लागते.

पोलिसांनी एखाद्याला उचलले हे दोन्ही भाषांत सारख्याच अनौपचारिक थाटात सांगतात. बातमीत किंवा अर्जात मात्र ‘डिटेन्ड’ किंवा ‘अरेस्टेड’ लिहावे, आणि या दोहोंतला कायदेशीर फरकही सांभाळावा.

खर्च उचलणे याला ‘पिक अप द बिल’ किंवा ‘पिक अप द टॅब’ असा प्रयोग आहे. तो दुसऱ्यांच्या वतीने एकाने पैसे दिले तरच लागू पडतो. आपल्या एकट्याच्या मिसळीचे पैसे आपणच दिले, तर तेथे ‘पेड’ पुरते.

आणि शेवटी बाजारभाव. ‘हळदीच्या भावाने उचल खाल्ली’ हे वाक्य सांगलीच्या माणसाला शिकवावे लागत नाही. ‘टर्मरिक प्राइसेस हॅव्ह पिक्ट अप’ हे त्याच्या फार जवळचे आहे. दोहोंतही आधी भाव पडलेला किंवा थंडावलेला होता हे गृहीत असते. भाव मुळातच चढे असून आणखी भडकले, तर ‘रोज’, ‘जम्प्ट’ असे शब्द योजावेत.

चौथी पायरी : जेथे ‘उचलणे’ हात सोडते

येथून पुढे मराठी क्रियापद दर वेळी बदलते आणि इंग्रजीत मात्र तेच राहते. सर्वांत कामाचा अर्थ घ्यायला जाणे हा आहे. पाहुण्याला स्टँडवरून आणणे, मुलीला शाळेतून आणणे, रुग्णाचा रिपोर्ट काउंटरवरून घेणे, शिवायला टाकलेले कपडे आणणे या साऱ्यांना ‘पिक अप’ चालते. अट एवढीच की ती व्यक्ती किंवा वस्तू तेथे आधीपासून तुमची वाट पाहत असावी. रुग्णालयातील स्वागतिकेने ‘यू कॅन पिक अप युवर रिपोर्ट आफ्टर फोर’ असे सांगितले, की रिपोर्ट चारनंतर तयार असेल हेही त्यातच आले. एसटी वाटेत प्रवासी घेते तेव्हाही ‘द बस पिक्स अप पॅसेंजर्स ॲट कराड’ असे म्हणतात. उतरवण्याला ‘ड्रॉप ऑफ’. पाहुण्याला कोठून घेणार हे सांगताना ‘ॲट’ आणि ‘फ्रॉम’ दोन्ही चालतात.

जाता-जाता खरेदी करणे हा त्याला लागूनच येणारा अर्थ. साताऱ्यातून जाताना कंदी पेढे घेतले, तर ‘वी पिक्ट अप सम कंदी पेढे इन सातारा’ हे अगदी चपखल बसते, कारण त्यात ‘मुद्दाम त्यासाठी गेलो नव्हतो’ हा सूर आहे. लग्नाचा बस्ता बांधण्याला हे क्रियापद लावू नये. तेथे घरातील दहा माणसे दिवसभर ठाण मांडून बसलेली असतात.

आजाराच्या बाबतीत मराठीत ‘लागण झाली’ किंवा ‘संसर्ग झाला’ असे म्हणतात. ‘ही पिक्ट अप ॲन इन्फेक्शन’ हे सर्दी, जुलाब, त्वचेचा संसर्ग अशा बाहेरून येणाऱ्या आणि बहुधा किरकोळ दुखण्यांसाठी वापरतात. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग हे आजार ‘पिक अप’ होत नाहीत. मिरजेत रुग्णसेवेत असणाऱ्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

यंत्राने किंवा कानाने टिपणे हा आणखी एक अर्थ. घरातला जुना रेडिओ सांगली आकाशवाणी केंद्र धरतो, तेव्हा तो ते ‘पिक अप’ करतो. कोयना परिसरातील भूकंपमापक यंत्रे माणसाला जाणवणारही नाहीत असे हलके धक्के नोंदवतात, तेव्हा तीही ‘पिक अप’ करतात. या अर्थात अंधूक, क्षीण असे काहीतरी पकडल्याची छटा असते. म्हणून ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला, तो दूरदूरच्या वेधशाळांतील यंत्रांनी ‘पिक अप’ केला असे म्हणता येईल, पण तेथील माणसांविषयी असे म्हणणे अशोभनीय ठरेल. त्यांची घरे कोसळली होती. दुसऱ्याच्या बोलण्यातील न सांगितलेली गोष्ट हेरण्यासाठी याच अर्थाला ‘ऑन’ जोडतात : ‘शी पिक्ट अप ऑन हिज हेझिटेशन’, म्हणजे त्याची चलबिचल तिच्या लक्षात आली.

आता वाढणे आणि सुधारणे. कर्माशिवाय येणारा हा अर्थ वाटतो तेवढा सरळ नाही. वारा, पाऊस, वेग यांच्याविषयी बोलताना ‘पिक अप’ म्हणजे जोर वाढणे. यवतेश्वरचा घाट चढून परतणारा सातारा हिल मॅरेथॉनमधील धावपटू उतारावर ‘पिक्स अप द पेस’, म्हणजे गती वाढवतो. येथे ‘पेस’ हे कर्म आहे, पण भाव तोच. व्यापार, प्रकृती आणि हवामान यांच्याविषयी बोलताना मात्र त्याचा अर्थ सुधारणे असा होतो. ही दोन टोके पावसाळ्यात एकमेकांवर आदळतात. ‘द रेन इज पिकिंग अप’ म्हणजे पावसाचा जोर वाढतो आहे. ‘द वेदर इज पिकिंग अप’ म्हणजे हवा उघडते आहे. जुलै महिन्यात महाबळेश्वरच्या हॉटेलात उतरलेल्या परदेशी पर्यटकाने ‘विल द वेदर पिक अप बाय इव्हनिंग?’ असे विचारले, तर तो पाऊस थांबेल का हे विचारत आहे. स्वागतकक्षातील नव्या मुलाने जोर वाढण्याचा अर्थ घेऊन ‘येस सर, डेफिनिटली’ असे आश्वासन दिले, तर तो गृहस्थ छत्री खोलीत ठेवून वेण्णा तलावाकडे चालू लागेल.

खंड पडलेले काम पुढे सुरू करणे यासाठी ‘लेट अस पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ’ असा ठरीव प्रयोग आहे. कालच्या मीटिंगचा धागा आज पुढे नेताना तो हुकमी उपयोगी पडतो, आणि तो जसाच्या तसा पाठ करून ठेवावा असे मी सुचवीन. ‘पिक अप द पीसेस’ हा प्रयोग याहून गंभीर आहे : सारे कोलमडल्यानंतर पुन्हा उभे राहण्याची धडपड त्यात आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीतील दुकानदारांनी चिखल उपसून, भिजलेला माल बाहेर काढून दुकाने पुन्हा मांडली, त्याचे वर्णन करायला तो शोभेल; ट्यूबलाइट बंद पडण्यासारख्या गोष्टीला तो लावू नये. पडलेल्या माणसाने स्वतःच सावरून उठणे म्हणजे ‘पिक वनसेल्फ अप’. कुस्तीच्या आखाड्यात हे शब्दशः घडते, आणि आयुष्यातल्या पडझडीलाही ते लागू होते.

एक अर्थ सांगायला संकोच वाटतो म्हणून क्लासमध्ये गाळला जातो, पण तो माहीत नसेल तर फजिती होऊ शकते. अनोळखी व्यक्तीशी लगट करून ओळख वाढवण्यालाही ‘पिक अप’ म्हणतात, आणि त्यासाठी टाकलेल्या गोड वाक्याला ‘पिकअप लाइन’. याचा धसका घेऊन ‘आय विल पिक यू अप ॲट सिक्स’ म्हणणे सोडू नये. वेळ, ठिकाण किंवा गाडीचा उल्लेख वाक्यात असला की कोणाचाही गैरसमज होत नाही. ‘ही ट्राइड टू पिक हर अप ॲट द पार्टी’ यासारख्या, ठिकाण मौजमजेचे असलेल्या वाक्यात मात्र दुसराच अर्थ प्रथम ऐकू येतो.

पाचवी पायरी : उलट दिशेने जाताना सावध राहा

मराठीतल्या प्रत्येक ‘उचलणे’साठी ‘पिक अप’ ठोकून देणे ही मराठी विद्यार्थ्याची खास खोड आहे. पाऊल उचलणे म्हणजे ‘टेक अ स्टेप’. जबाबदारी उचलणे म्हणजे ‘टेक ऑन’ किंवा ‘शोल्डर’. एखाद्याची मागणी उचलून धरणे म्हणजे ‘सपोर्ट’. बँकेतून कर्ज उचलणे म्हणजे ‘टेक अ लोन’. गळीत हंगामापूर्वी ऊसतोड टोळीचा मुकादम कारखान्याकडून जी उचल घेतो, ती ‘ॲडव्हान्स’ आहे; ‘ही टुक ॲन ॲडव्हान्स’ एवढे सरळ म्हणावे. दुकानातून कोणी वस्तू उचलली, म्हणजे चोरली असे म्हणायचे असेल, तर ‘स्टोल’ म्हणा. ‘पिक्ट अप’ म्हटल्यास तो वस्तू हातात घेऊन पाहत होता किंवा त्याने ती विकत घेतली असा अर्थ होईल, आणि पोलीस ठाण्यात दिलेल्या जबाबात एवढ्याने तक्रारच फोल ठरेल.

‘पिक’च्या बाकीच्या भावंडांची येथे तोंडओळख पुरे. ‘पिक आउट’ म्हणजे घोळक्यातून हुडकून किंवा वेचून काढणे. ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या मागे लागून त्याला छळणे. ‘पिक ॲट’ म्हणजे जेवणात नुसते चिवडत बसणे.

सहावी पायरी : उच्चार आणि लेखन

लिहिताना क्रियापद दोन सुटे शब्द म्हणून लिहायचे, आणि नाम एक जोडशब्द म्हणून. ‘वी विल पिक अप द गुड्स’ येथे मध्ये जागा हवी. ‘पिकअप टाइम’, ‘पिकअप पॉइंट’ यांत ती नको. ब्रिटिश लेखनात नामाच्या मध्ये छोटी आडवी रेघही दिसते. ती चूक नव्हे.

उच्चारात आघाताचा फरक आहे. क्रियापद बोलताना जोर ‘अप’वर पडतो, नाम बोलताना ‘पिक’वर. आपल्याकडे दोन्ही वेळा ‘पिक’वरच जोर देतात. भूतकाळातील शेवटचा ध्वनी ‘ड’ नसून ‘ट’ आहे, आणि ‘पिक-केड’ असे दोन तुकडे तर मुळीच करू नयेत. झपाट्याने बोलताना ‘पिक इट अप’ हे ‘पिकिटप’ असे जोडून ऐकू येते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो एखादा नवाच शब्द वाटतो, म्हणून स्वतः मोठ्याने तसे म्हणून पाहावे. जे तोंडाला येते ते कानालाही लवकर कळते.

मराठीत रुळलेल्या नामांपैकी सगळी परदेशात चालत नाहीत. गाडी या अर्थी ‘पिकअप’ सर्वत्र समजते. गाडीचा ‘पिकअप’ चांगला आहे हेही बहुधा समजते, तरी ‘ॲक्सिलरेशन’ अधिक निर्धोक. ‘पिकअप शेड’ मात्र आपल्या मुलखापुरती आहे. बाहेर तिला ‘बस शेल्टर’ म्हणावे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत सतारीला किंवा तंबोऱ्याला बसवून दिला जाणारा, तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारा ‘पिकअप’ हा मात्र जगभर त्याच नावाने ओळखला जातो, आणि तो वर सांगितलेल्या ‘टिपणे’ या अर्थातूनच आला आहे.

सातवी पायरी : कोठे वापरावे, आणि सराव कसा करावा

‘पिक अप’ हे बोलण्यातले आणि रोजच्या पत्रव्यवहारातले क्रियापद आहे. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये ‘द मटेरियल इज रेडी. प्लीज अरेंज टू पिक इट अप बिफोर फाइव्ह’ हे उत्तम आहे. निविदा, करारनामा, कायदेशीर नोटीस यांत त्याऐवजी ‘कलेक्ट’ लिहितात. आपल्या व्यापारी इंग्रजीत माल उचलण्याला ‘लिफ्ट द मटेरियल’ म्हणण्याची रूढी आहे आणि भारतातील ग्राहकाला ती खटकणार नाही, पण परदेशी ग्राहकाला लिहिताना ‘कलेक्ट’ किंवा ‘पिक अप’ बरे.

सरावासाठी रात्री आपल्याच दिवसातील दोन-तीन प्रसंग घ्या आणि एकेक वाक्य लिहा, मात्र प्रत्येक वाक्य दोनदा लिहा : एकदा नाम घालून, एकदा सर्वनाम घालून. ‘आय पिक्ट अप माय सिस्टर’ लिहिले की लगेच खाली ‘आय पिक्ट हर अप’ लिहा. कर्माची जागा हाताला बसण्यासाठी याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. दर आठवड्याला अर्थांचा एकच गट घ्यावा. घ्यायला जाण्याचा अर्थ आधी, कारण तो रोज लागतो, आणि वाढ-सुधारणेचा नंतर.

पुढील वाक्ये इंग्रजीत करून पाहा आणि मग उत्तरे वाचा. बाबांनी मला विश्रामबागेतून घेतले. दिवाळीत धंद्याने जोर धरला. तिने मोडी लिपी आजोबांचे पाहून उचलली. त्याने दोनदा फोन केला, पण मी उचलला नाही. मुकादमाने उचल घेतली. मजूर द्राक्षे तोडत आहेत.

पहिल्याचे उत्तर ‘माय फादर पिक्ट मी अप फ्रॉम विश्रामबाग’, आणि त्यात ‘मी’ मध्येच आले पाहिजे. दुसऱ्याचे ‘बिझनेस पिक्ट अप ड्युरिंग दिवाळी’. ‘वॉज’ घातला असेल तर खोडा. तिसऱ्याचे ‘शी पिक्ट अप मोडी बाय वॉचिंग हर ग्रँडफादर’. चौथ्याचे ‘ही कॉल्ड ट्वाइस, बट आय डिडन्ट पिक अप’. ‘डिडन्ट’ आल्यावर पुन्हा ‘पिक्ट’ नको. पाचव्यात ‘पिक अप’ येतच नाही, तेथे ‘टुक ॲन ॲडव्हान्स’ आहे. सहाव्यात ‘पिकिंग’ आहे पण ‘अप’ नाही. तेथे ‘अप’ लिहिले असेल, तर पहिली पायरी पुन्हा वाचावी.